पांढरा पाय मारबतीने नेला

माझ्या सख्ख्या आत्याने मला फसवलं. पैशांत नव्हे, पैशांत मला फसवेल असं माणूस अजून मला भेटलेलं नाही. मी पाच वर्षांची असताना तिने मला पांढऱ्या पायाची ठरवलं, आणि ते खोटं आहे हे तिला त्याच दिवशी ठाऊक होतं.

त्या दिवशी तिचा साखरपुडा होता. मी दारातल्या रांगोळीवरून धावत गेले. दुपारी निरोप आला, मुलाकडची मंडळी येत नाहीत, लग्न मोडलं. आत्याने मला उचलून माझे तळवे चारचौघांना दाखवले. "हिच्यामुळे झालं." तेव्हापासून घरातल्या प्रत्येक कार्यात मी मागे. पुढे मी आठवडी बाजारात पोतं अंथरून भांडी विकायला लागले. आज कऱ्हाडच्या बाजारपेठेत माझं स्वतःचं दुकान आहे. पण त्या दुकानाचं शटर मी कधी उघडलं नाही. नोकर उघडतो, पहिली विक्री होते, मग मी आत पाय ठेवते. तोवर समोरच्या टपरीवर चहा पीत बसते. लोकांना वाटतं, बाईचा रुबाब आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात एक वृद्ध गृहस्थ नातीच्या लग्नासाठी भांडी घ्यायला आले. घासाघीस करताना गावाची ओळख निघाली. आत्याचं लग्न ठरून मोडलं ते यांच्याशीच. मी म्हटलं, "माझ्या पायगुणाने तुमचं लग्न मोडलं, काका."

ते हसले. "तुमच्या पायाचा काय संबंध? तुमच्या आत्यानेच आदल्या दिवशी निरोप धाडला होता, मला हे लग्न करायचं नाही, तुम्ही येऊ नका. घरच्यांना कळू देऊ नका म्हणाल्या. मग आम्ही मोडलं असं सांगितलं."

पातेल्याचा भाव त्यांनी काय मागितला ते मला ऐकूच आलं नाही. असं माझं कधी होत नाही.

आत्याने नंतर कोयनेच्या कामावर आलेल्या एका नागपूरकर ओव्हरसियरशी लग्न केलं आणि ती नागपूरचीच झाली. मला कळमेश्वरच्या एका कारखान्याशी थेट बोलणी करायचीच होती. पोळ्याच्या आठवड्यात मी नागपूरची गाडी पकडली.

वर्ध्यापासून खिडकीतली जमीन काळी झाली. कपाशी गुडघ्यापर्यंत आलेली, मधे सोयाबीन. दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना नागपूर आलं. स्टेशनाबाहेर मनीषनगरला आत्याच्या घरी जायला रिक्षावाल्याने असा भाव सांगितला की जणू मला रिक्षाच विकत घ्यायची होती. मी काही न बोलता चालू लागले. हा माझा जुना डाव आहे. मागे वळून बघायचं नाही. थोड्या वेळाने रिक्षा शेजारी येऊन रेंगाळली.

"बसा बाई, बसा. कोठच्या तुमी?"

"कऱ्हाडची."

"तुमच्यासारखी सवारी रोज भेटली ना, तर मले हा धंदाच बंद करा लागते."

आत्या दारातच उभी होती. केस पांढरे, आवाज तोच. इतकी वर्षं राहून बोली पक्की नागपुरी झालेली. "काहून वं सुमे, एकटीच आली?" (काहून म्हणजे का.) मी पाया पडले. राग असला तरी रीत सोडत नाही. घरात तिचा मुलगा सुधीर आणि सून वैशाली. वैशाली शिक्षिका आहे, बोलकी, हसरी. रात्री तिने पातोडीचा रस्सा केला होता. बेसनाच्या वड्या झणझणीत रश्श्यात सोडतात. पहिल्या घासाला मला ठसका लागला आणि सगळे खूश झाले.

जेवताना वैशालीने लोणच्याची नवी बरणी उघडायला घेतली. आत्या पटकन म्हणाली, "तू नको फोडू. सुधीरले दे." वैशालीने मुकाट्याने बरणी नवऱ्याकडे सरकवली. माझा घास हातातच राहिला. हा आवाज मी ओळखत होते.

सकाळी वैशालीने मला तर्री पोहे खायला नेलं. तर्री म्हणजे पोह्यांवर ओतायचा हरभऱ्यांचा लालभडक रस्सा. नाक पुसत मी तिला बरणीबद्दल विचारलं.

"मी लग्न होऊन आली त्याच आठवड्यात घरची बोअर आटली, ताई," ती म्हणाली. "तवापासून नवीन काही असलं की माझा हात नाही लागू देत."

"आणि तू ऐकतेस?"

"शाळेत पोरांना विज्ञान शिकवते मी. घरी आली की हात आपोआप मागे जाते."

तिथून मी कळमेश्वरला गेले. औद्योगिक वसाहतीतला तो कारखाना लहान, पण माल चोख. मालक गोड बोलणारा आणि चिवट. मी पातेलं उलटं करून बुडावर टिचकी मारली, म्हटलं, "पत्रा हलका आहे."

"हलका? बाई, यात हत्तीची खिचडी शिजते!"

"माझ्या गावात हत्ती नाहीत. भाव माणसांचा सांगा."

त्याने कपाळावर हात मारला, पण भाव माझ्या मनासारखा केला. मग म्हणाला, "आज नवा साचा लावला आहे. तुम्ही इतक्या लांबून आल्या, तर पहिलं पातेलं तुमच्याच हातानं काढा." सगळे कामगार माझ्याकडे बघत होते. मी दोन पावलं मागे सरले आणि म्हटलं, "नको, माझे हात तेलकट आहेत." हात कोरडे होते. खरं काय ते मला काही महिन्यांपासून माहीत होतं, तरी पाय मागेच गेले. परतीच्या बसमध्ये मला आत्याहून जास्त राग माझ्या पायांचा आला.

पोळ्याच्या दिवशी आत्या पुरण वाटत बसली होती. वैशाली खाली दारात आलेल्या बैलजोडीला ओवाळायला गेली होती, सुधीर बाहेर. मी समोर पाट घेतला आणि दुकानात आलेल्या गृहस्थांचं नाव सांगितलं. तिचा हात थांबला.

"आहेत का ते अजून?"

"आहेत. आणि बोलले."

तिने नाकारलं नाही. पुरणाचा गोळा उगाच फिरवत राहिली. "मी नाही म्हटलं असतं तर आबांनी मले जित्ती गाडली असती. तू होती पाच वर्षांची. तुले कोण मारत होतं?"

कारण खोटं नव्हतं. आबा, म्हणजे माझे आजोबा, तसेच होते. मी धंदा करते. समोरच्याची अडचण मला कळते. पण अडचण कळली म्हणून कुणी किंमत सोडत नाही.

"ठीक आहे," मी म्हटलं. "हेच सुधीर आणि वैशालीसमोर सांग."

"आता काहून? इतकी वर्षं झाली. तुझं तर चांगलं चालून राहिलं."

"चांगलं चाललंय ते मी चालवलंय. तू तुझं खोटं माझ्या पायांत बांधून ठेवलं होतंस. आणि वैशालीला का बांधलंस?"

ती उठली. "पुरण थंड होते," म्हणाली आणि गॅसकडे तोंड करून उभी राहिली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. मारबत म्हणजे कागद-बांबूची अजस्र बाईची मूर्ती, एक काळी, एक पिवळी. जुन्या शहरातून ती मिरवतात आणि शेवटी गावाबाहेर जाळतात. गावाला जे नको आहे ते ओरडून तिच्या अंगावर टाकायचं, असा इथला रिवाज. "आत्याबाई नाही येत, गर्दी आहे," असं सांगून वैशालीने मला नेलं.

गल्ल्या माणसांनी फुटत होत्या. गच्च्यांवर बाया, खाली ढोल, पाठीवर पाट्या लटकवलेले बडगे (पुरुषांचे पुतळे). पिवळी मारबत वळणावर आली, तारांना टेकेल इतकी उंच. माणसं हात वर करून ओरडत होती: "खोकला-खासी घेऊन जा गे मारबत! महागाई घेऊन जा गे मारबत!" शेजारची एक जाडजूड बाई ओरडली, "माझ्या नवऱ्याची दारू घेऊन जा गे मारबत!" आणि तिच्या बाजूला उभा असलेला नवराच सगळ्यांत मोठ्याने हसला.

माझा आवाज बाजारात कमावलेला आहे. मी दोन्ही हात वर केले. "पांढरा पाय घेऊन जा गे मारबत!"

ती बाई वळली. "कोणाचा वं पाय?"

"माझा!"

"मंग जोरात सांग, तिले ऐकू नाही गेलं!"

मी पुन्हा ओरडले. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा शेजारून आणखी एक आवाज आला. वैशाली. पदर खांद्यावरून घसरलेला, डोळ्यांत पाणी, आणि ती ओरडत होती, "आटलेली बोअर घेऊन जा गे मारबत! माझ्यामुळे नव्हती आटली ती!" मूर्ती डुलत पुढे गेली. तिथेच गर्दीत उभं राहून मी तिला साखरपुड्याची सगळी हकीकत सांगितली.

घरी परतल्यावर वैशाली चपला काढून थेट स्वयंपाकघरात गेली. गुळांब्याची न उघडलेली बरणी तिने कट्ट्यावर ठेवली आणि आवाज करत झाकण फिरवलं. आत्या बघत होती. सुधीरही. मी विचारलं, "आत्या, सांगतेस ना?"

"मले काही आठवत नाही," आत्या म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

निघताना पाया पडले. तिने माझ्या हातावर संत्रा बर्फीचा डबा ठेवला, माझा हात जरा जास्त वेळ धरला, आणि परत टीव्हीसमोर जाऊन बसली.

कऱ्हाडला उतरले ती सरळ दुकानावर गेले. नोकर किल्ली काढत होता. मी ती त्याच्या हातातून घेतली. कुलूप उघडलं, शटर वर ढकललं; इतकं जड असतं हे मला माहीतच नव्हतं. उजवा पाय आत टाकला, मग डावा. थोड्या वेळात एक बाई आली, कळशी घेतली, भावावरून भांडली, हसत गेली. टपरीवाला समोरून ओरडला, "ताई, चहा?" मी म्हटलं, "आत पाठव."

एवढी वर्षं मी मला नेमून दिलेल्या जागी उभी होते, आणि ती जागा कुणी नेमली हे विचारलंच नव्हतं. आता विचारते. पाय माझे मी सोडवून घेतले. त्याचं श्रेय मी आत्याला देणार नाही आणि उसनी माफीही देणार नाही. हे सगळं लिहून मी वैशालीकडे पाठवते आहे; ती ते तुला मोठ्याने वाचून दाखवणार आहे, सुधीरसमोर. टीव्ही बंद कर, आत्या. तुझी भीती खरी होती, हे मी मान्य केलं. तू काय मान्य करतेस? आबा जाऊन कितीतरी काळ लोटला. तुला जित्ती गाडणारं आता कुणी उरलं नाही. मग वैशालीच्या हातातली बरणी काहून काढून घेतलीस? तिच्या डोळ्यांत बघ आणि उत्तर दे.