खिंडीतला खलबत्ता

माणसं डोंगरावर हवा खायला जातात. ठेचा कुटायला जाणारा माणूस जगात एकच, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचा मामा. दर हिवाळ्यात एका रविवारी उस्मानपुऱ्यातल्या आम्हा दहा-बारा जणांना जीपमध्ये कोंबून मामा सोयगावला नेत आणि तिथून डोंगरातल्या उंच खिंडीपर्यंत पायी चढवत. चढण्याआधी सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या जात. एकदा माझी छत्री, मेव्हणीचा आरसा आणि शेजारच्या चाचांचा ट्रान्झिस्टर "फालतू वजन" म्हणून जीपमध्येच राहिला, आणि मामांच्या स्वतःच्या पिशवीत मात्र चांगला चार किलोंचा लोखंडी खलबत्ता! "मिक्सरमधला ठेचा डोंगरावर पचत नाय," हे मामांचं शास्त्र. खिंड आल्याशिवाय कुणाला घास मिळत नसे. चाचा कळवळून म्हणत, "मियाँ, एक टुकडा तो देव, जान जा रई!" मामा शांतपणे सांगत, "वर चला, जानसकट देतो." तो खलबत्ता त्यांनी कधी कुणाला उचलू दिला नाही. मला तर नाहीच. जावयाला ओझं दिलं तर भाचीला तोंड कसं दाखवू, म्हणत.

मागच्या वर्षी मामांच्या हृदयात स्टेंट बसला. डॉक्टरांनी चढ बंद केले. मामांनी डॉक्टर बंद केले. खिंड गाठणारच, हा हट्ट. यंदा निम्म्या चढावरच ते मटकन दगडावर बसले. शर्ट घामानं चिंब. आम्ही परत फिरायचं म्हटलं, तर असे भडकले! "माझ्यापायी एकानंबी मागं फिरायचं नाय!" चाचा त्यांच्याजवळ थांबले. मग मामांनी पिशवीतून खलबत्ता काढला आणि माझ्या हातात दिला. "जावईबापू, एवढा वर न्या." मी तो दोन्ही हातांनी छातीशी धरून चढू लागलो.

वर आम्ही मिरच्या कुटल्या, पण भाकरीचं फडकं कुणीच सोडेना. ठेचा तसाच डब्यात भरून खाली आणला. मामांनी बोट लावून चाखला, "मीठ कमी हाय," म्हणाले आणि दोन भाकरी खाल्ल्या. खिंडीच्या अलीकडे, आयुष्यात पहिल्यांदा.

संध्याकाळी उस्मानपुऱ्यात उतरल्यावर मी खलबत्ता त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात पुढे केला नाही. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. पुढल्या वर्षी लागंल." आणि रिकामी पिशवी काखेत मारून चालू लागले. मामांवाचून मला ती खिंड नको आहे, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मी खलबत्ता घेऊन घराकडे वळलो.