बोंबलाखाली वाळलेली कॉफी

माझं माहेर साताऱ्याकडचं. लग्न होऊन पालघरजवळच्या माकुणसारला आले तेव्हा सासऱ्यांच्या वाडीत नारळ, सुपारी, केळी होती. कॉफी नंतर आली. चिकमगळूरच्या सहलीहून सासरे रोपांची पिशवी छातीशी धरून परतले आणि नारळांच्या सावलीत लावून मोकळे झाले.

काही वर्षांनी फळं धरली. "फक्त लालभडक तोडायची. एक नंबर कॉफी करायची हाय," सासऱ्यांनी बजावलं. मग आम्ही सगळे ओसरीवर बसून फळं चिमटीत दाबायला लागलो. बी टुणकन उडायचं. एक थेट सासूबाईंच्या चष्म्यावर आदळलं. बिया पाण्यात भिजवून, बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुऊन आम्ही खळ्यात चटईवर पसरल्या.

त्याच सुमारास पालघरला एक लग्न निघालं. "बियांवर लक्ष ठेवा," असं शेजारच्या काकींना सांगून आम्ही गेलो. परतलो तर चटईच्या बरोबर वर दोरी बांधलेली आणि तिच्यावर ओले बोंबील लटकलेले!

"काकी, हे काय?" सासरे ओरडले.

"राखणच केली ना! कावळे बोंबलांवरच आले. तुमच्या बियांना शिवले पण नाय."

सासऱ्यांनी बिया पुन्हा धुतल्या, पुन्हा वाळवल्या, टरफलं काढून कढईत भाजल्या आणि दळल्या. बोईसरच्या कारखान्यातले नवऱ्याचे साहेब कॉफीचे शौकीन, म्हणून त्यांना मुद्दाम बोलावलं. साहेबांनी घोट घेतला. बराच वेळ तो तोंडातच ठेवला.

"हिला जरा... समुद्राचा वास आहे."

"चांगला का वाईट?" सासऱ्यांनी आशेने विचारलं.

साहेबांनी आणखी एक घोट घेतला, तोवर सासूबाईंनी आपला कप उचलून चव घेतली. "कोकम टाका, कालवण होईल."

साहेबांच्या नाकातून कॉफी आली. सासरे उठून तडक वाडीत गेले. मी मागोमाग गेले, तर ते नारळाला टेकून पोट धरून हसत होते. मला म्हणाले, "सूनबाई, लसूण पण लागेल गं!"

पुढच्या वर्षी बिया गच्चीवर वाळवल्या. कॉफी खरंच सुरेख झाली, मागून गुळाची चव येणारी. पुन्हा बोलावलेल्या साहेबांनी दुसरा कप मागून घेतला. सासरे मात्र आपला कप हातात धरून चुळबुळत बसले होते. साहेबांची पाठ वळताच हळूच म्हणाले, "सूनबाई, माझ्यापुरता चहा टाक ना."