धुलाईघरातल्या नव्या पाट्या

छापखान्यात अक्षरजुळणी करणाऱ्या ताईला सगळे 'तोफ' म्हणायचे, आणि तेही तोंडावर, कारण पाठीमागे बोललेलं तिला खपत नसे. त्या दिवशी ही तोफ धडधडत निघाली ती थेट धुलाईघरात. तिचा धाकटा भाऊ, ज्याला गोष्टी समजायला जरा वेळ लागतो, तिथे वर्षानुवर्षं कपडे ज्या त्या यंत्रात बिनचूक घालत आला होता. काल मात्र त्याने लोकरी स्वेटर उकळत्या पाण्यात घातले, आणि व्यवस्थापकाने त्याला घरी बसवलं.

यंत्रांवरच्या नव्या पाट्या बघून तोफेचं डोकं फिरलं. अक्षराअक्षराला शेपट्या, गिरक्या, वेलबुट्टी!

"यंत्रांची लग्नं लावताय का?"

"मॅडम, सगळ्यांना विचारलं होतं. वाचता येतं म्हणाले."

"अहो, तुम्ही देखणे आहात का विचारलं असतं, तरी हो म्हणाले असते! सभ्य माणसं आहेत ती. विचारता काय? वाचून काम करायला लावा!"

व्यवस्थापक चार पावलं मागे सरकला. पाट्या बदलून बघा, म्हणाला. पण पुन्हा चूक झाली तर भावाची नोकरी गेली.

तोफेने आपला लाडका फॉन्ट काढून 'गरम पाणी', 'थंड पाणी' असे कागद छापले आणि भावापुढे ठेवले. बारीक, सडसडीत, नाजूक अक्षरं.

"वाचता येतं ना रे?"

"हो ताई. छान आहे."

ती खूश झाली आणि दुसऱ्याच क्षणी तिने जीभ चावली. भावाच्या हातात स्वेटर दिला. त्याने तो शांतपणे 'गरम पाणी' लिहिलेल्या कागदावर नेऊन ठेवला. तोफ पेटली, पण गोळा झाडायचा कुणावर? स्वतःवरच.

मग तिने छापखान्यातले सगळे फॉन्ट छापून आणले आणि प्रत्येकावर भावाला कपडे लावायला लावले. एकाच फॉन्टवर तो एकदाही चुकला नाही: जाड, ठेंगणा, अक्षरांत ऐसपैस जागा असलेला. याच फॉन्टला नाकं मुरडण्यात तोफेचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

"हा? हा तर गोणीवर छापतात!"

"गोणीवरचं मला वाचता येतं," भाऊ म्हणाला.

तोफेने दात-ओठ खात त्याच पाट्या केल्या आणि स्वतः ठोकल्या. भावाने ढीगभर कपडे बिनचूक लावून दाखवले.

"दिसायला जरा ओबडधोबड..." व्यवस्थापक पुटपुटला.

हातोडीसकट तोफ गर्रकन वळली. भावाने तिला दाराकडे ढकललं.

"ताई, तू जा आता. मला काम आहे."