शहाळी बंद केली तेव्हा

बाबांचं पोट पाण्याने फुगलं तेव्हा घरातली कामं मी वाटून दिली: गोळ्या मी देणार, जेवण आई बघणार, शहाळी आत्या आणणार. साठ सालानंतरची गोष्ट. मी वाढवणच्या शाळेत शिकवत होते. जुन्या काविळीनंतर बाबांचं यकृत कठीण होत गेलं होतं. डहाणू रोडचे डॉक्टर त्याला सिऱ्हॉसिस म्हणत. त्यांनी मीठ आणि सुकी मासळी बंद केली, लघवीच्या गोळ्या दिल्या, रोज शहाळ्याचं पाणी द्यायला सांगितलं.

मासळी सुकवणाऱ्या आमच्या घरात पथ्य अवघड होतं, पण पाळलं गेलं. अडलं ते शहाळ्यापाशी. आत्याने, बाबांच्या थोरल्या बहिणीने, एका सकाळी दारात आलेली शहाळी परत पाठवली.

"होडीत पाणी भरलं की आपण उपसतो. हा डॉक्टर एकीकडून उपसतो नि दुसरीकडून ओततो. असा कुठला तांडेल?"

बाबा स्वतः तांडेल, होडी चालवणारे. ते हसले. "ताईचं बरोबर आहे."

आम्हा सगळ्यांनाच ते पटलं. गोळ्या चालू राहिल्या. पोट उतरलं, आणि आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कौतुकाने दाखवू लागली.

मग बाबांच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. एकदा चहा पिता पिता त्यांनी कप खाली ठेवला. "छातीत काहीतरी उलटतंय," म्हणाले. मी मनगट धरलं. नाडी दोन ठोके देई, थांबे, मग एकदम धावे.

बैलगाडीने पोचायला वेळ लागला असता. विटा उतरवून निघालेल्या ट्रकवाल्याने आम्हाला पुढे बसवलं. रस्ताभर आत्या विचारत होती, "नाडी लागतेय?" मी "लागतेय" म्हणत होते, न लागली तरी.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली ती बराच वेळ काढलीच नाही. "शहाळी देता ना?"

"मी बंद केली," आत्या म्हणाली. "पोटात आधीच पाणी, त्यात आणखी कशाला?"

"मावशी, गोळीने पाणी जातं, त्याबरोबर पोटॅशियमही जातं. ते कमी पडलं की हृदयाची लय बिघडते. यकृत असं असलं की जास्तच. शहाळं त्यासाठी होतं."

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

डॉक्टर म्हणाले, "सांगायला हवं होतं."

त्यांनी गोळ्या थांबवल्या, एक खारट-कडू औषध पाजलं आणि बाबांना बाकावर आडवं केलं. दुपार कलली तसे नाडीतले खंड कमी झाले. बाबा लगेच उठायला बघू लागले. होडी काढायची होती. डॉक्टरांनी त्यांना दोन्ही हातांनी परत झोपवलं.

"यकृत पहिल्यासारखं होणार नाही. हे पुन्हा होऊ शकतं. मावशी, इकडे या, नाडी बघायला शिका."

त्यांनी आत्याची बोटं बाबांच्या मनगटावर ठेवली.

"मला काही लागत नाही," ती म्हणाली.

"दाबू नका. हलकं धरा."

तिने बोटं सैल केली. ओठ हलवत ती मोजू लागली. मध्येच ओठ थांबले. बाबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले, आम्ही सगळेच. मग ओठ पुन्हा हलू लागले.