आजीचं काळीज

सोनोग्राफीच्या पडद्यावर लेकीच्या पोटातल्या बाळाचं काळीज लकलकत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बारीक भोक आहे. घरात कुणाला होतं का?"

"माझ्या आईला," लेक म्हणाली. "त्यातच गेली."

बाईंनी सांगितलं, काळीज कसं घडवायचं ते जीन्स ठरवतात. ते आजीकडूनही येतात, आणि दिवस गेल्याचं बाईला नीट कळेपर्यंत कामाला लागलेलेसुद्धा असतात.

माझं शिक्षण बेताचंच, पण एवढं कळलं. खरं सांगतो, मला त्या बाळाचा हेवा वाटला. जन्मभर मी बायकोच्या हातचं खाल्लं, तिची बोलणी खाल्ली, शेवटी तिला खांदा दिला. तरी तिच्या रक्तातलं माझ्यात कणभर काही नाही. नवऱ्याला तसलं काही मिळतच नाही. आणि या पठ्ठ्यानं तिचं तोंडही न बघता तिचं काळीज उचललं, भोकासकट!

"अण्णा, तोंड पाडून का बसलात? जन्मल्यावर बहुतेक आपोआप बुजेल म्हणाल्यात."

"बुजलंच पाहिजे," मी म्हणालो. "बाकीचं मात्र तिच्यासारखंच राहू दे. मला कान लावून ऐकायचंय."