कल्लेभाऊंच्या बाकड्याखालचं पोतं

कल्ले कापण्यात त्याचा हात कोणी धरत नसे, म्हणून त्या सलूनवाल्याला सगळे कल्लेभाऊ म्हणत. माणूस लाखात एक, पण खोड वाईट. खेळण्यांच्या दुकानासमोर त्यांचे पाय आपोआप आत वळायचे. थोरल्या लेकीला आगगाडी आणली की धाकटीसाठी क्रेन, धाकटीला बदक दिलं की थोरलीसाठी मगर! घरात कुठेही टेकायला जावं, तर बुडाखालून काहीतरी ओरडायचंच.

एका सकाळी चहा आणताना बायकोचा पाय मगरीवर पडला. चहा भिंतीवर, कप सोफ्याखाली आणि मगर कल्लेभाऊंच्या मांडीवर.

"अहो, पोरी दोन आणि खेळणी पोतंभर!" ती कडाडली. "आता या घरात ही मगर तरी राहील, नाहीतर मी तरी!"

कल्लेभाऊ क्षणभर विचारात पडले, आणि तेवढंच त्यांना भोवलं. सगळी खेळणी पोत्यात गेली. टाकून द्यायला जीव होईना, म्हणून त्यांनी पोतं सलूनमध्ये नेऊन गिऱ्हाइकांच्या बाकड्याखाली सरकवलं.

पोरी घर डोक्यावर घेतील या धास्तीने ते संध्याकाळी चोरपावलांनी घरी शिरले. दोघी चादर पांघरून बस चालवत होत्या. थोरली ड्रायव्हर, धाकटी हॉर्न.

"बाबा, दारात उभं राहू नका, आत सरका!" थोरली खेकसली. खेळण्यांचं कोणी नावही काढलं नाही.

पंचाईत झाली ती सलूनमध्ये. निवृत्त हेडमास्तरांचं डोकं तुळतुळीत, ते फक्त मिशीसाठी यायचे. बाकड्यावर बसल्या बसल्या त्यांना पोत्यातून डोकावणारी आगगाडी दिसली. "जरा बघू," म्हणाले आणि फरशीवर मांडी ठोकली. मग ते रोजच यायला लागले. बँकेच्या साहेबांनी क्रेन धरली. "तुमचा नंबर," म्हटलं की उत्तर यायचं, "यांना घ्या आधी, माझं सामान उतरायचंय अजून."

एकदा साहेब खुर्चीत दाढीला बसले होते. आरशात त्यांना हेडमास्तरांच्या हातात क्रेन दिसली. अर्ध्या तोंडाला फेस तसाच ठेवून ते झेपावले.

"ती माझी आहे!"

"तुम्ही सोडून गेलात! सोडलेल्या वस्तूवर हक्क नसतो!"

ओढाताणीत क्रेनचा आकडा हेडमास्तरांच्या मिशीत अडकला. नेमकी तेव्हाच बायको पोरींना केस कापायला घेऊन आत आली. थोरलीने दोघांना खालून वर न्याहाळलं.

"बाबा, यांना घरी कोणी ओरडत नाही का?"

बायकोने कमरेवर हात ठेवले. "क्रेन खाली ठेवा!"

साहेबांनी मुकाट्याने ठेवली. मिशी अडकलेली असल्यामुळे हेडमास्तरही तिच्याबरोबर खाली गेले.

"तुम्हाला यातलं काय हवंय गं?" तिने पोरींना विचारलं. धाकटीने बदक उचललं. थोरली म्हणाली, "राहू दे, ते खेळतायत."

कल्लेभाऊंना मिशी अर्धी कापूनच आकडा सोडवावा लागला. मग उरलेली अर्धीही गेली. आता हेडमास्तरांना सलूनमध्ये यायला निमित्तच उरलं नाही, असं वाटून कल्लेभाऊ हळहळले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतात तो हेडमास्तर पायरीवर हजर.

"घाई नाही," ते बाकड्याखाली नजर टाकत म्हणाले, "पण भुवया जरा वाढल्यासारख्या वाटतायत."