फितीखालची वाट

सत्यवतीबाय भांडकुदळ आहे, असं आमच्या ग्रंथालयात सगळे म्हणतात. म्हणोत. ज्यांनी भांडायला हवं होतं ते सगळे गप्प बसले, म्हणून तिला एकटीला एवढं भांडावं लागलं. मी देवघेवीच्या काउंटरवर बसतो, तिचं टेबल माझ्या समोर आहे. त्यामुळे जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि अजून आठवलं तरी डोकं फिरतं.

आमचं विद्यापीठ डिचोलीच्या पलीकडे, बंद पडलेल्या एका खाणीजवळच्या सड्यावर आहे. सत्यवती गांवस तिथून जवळच्या मेणकुऱ्याची. तिचा बाप खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणीवरून नदीपर्यंत, तिथून माल बार्जने मुरगाव बंदरात. गावातली घरं, कपडे, भात, सगळं धुळीने तांबडं. कंपनी रस्त्यावर पाणी मारत नाही म्हणून गावातल्या बायका ट्रक अडवायला उभ्या राहिल्या, तेव्हा शाळकरी सत्यवती सर्वांत पुढे होती. अडवलेला पहिला ट्रक तिच्या बापाचाच निघाला. बाप खाली उतरून ओरडला, तरी ती हलली नाही. संध्याकाळी रस्त्यावर पाणी पडलं.

ग्रंथालयात ती लागली तेव्हा कामं टायपिंगची होती. संगणक आले तसे बाकीचे मागच्या खोलीत चहाला गेले आणि ही शिकत बसली. आता तिच्या टेबलावर ‘अध्ययन-तंत्रज्ञान साहाय्य’ अशी पाटी आहे. पासवर्ड विसरलेली मुलं तिच्याकडे, घरून ई-पुस्तक उघडत नाही म्हणणारी मुलं तिच्याकडे, आणि नोट्स पोर्टलवर चढवता येत नाहीत म्हणून घाम पुसणारे प्राध्यापकही तिच्याकडेच. एकदा एका सरांनी वहीच्या पानांचे मोबाईलवर काढलेले फोटो तसेच चढवले, सगळे आडवे. सत्यवतीबाय सगळ्यांदेखत म्हणाली, “सर, पोरांनी काय खाटीवर आडवा पडान वाचूचा?” सरांनी निमूटपणे सगळे फोटो सरळ केले.

दत्तप्रसाद तिच्याकडे आला तो असाच, मदत मागायला. पेडण्याकडच्या तुयेचा मुलगा, बाप तिथल्याच कारखान्यात. शाळेत असतानाच दत्तप्रसादची नजर गेली. म्हापशाला बस बदलून, पांढरी काठी घेऊन तो एकटा यायचा. एम.ए.चं शेवटचं वर्ष, आणि प्रबंधाचा विषय पेडण्यातले भाटकार आणि मुंडकार, म्हणजे जमीनमालक आणि त्यांच्या जमिनीवर घर करून राहणारी कुळं. लागणारी पुस्तकं सगळी जुनी, जुन्या छपाईची. सत्यवतीबायने त्याच्या फोनवर फुकटचं वाचून दाखवणारं ॲप घालून दिलं, पण त्या छपाईपुढे ते अडखळून भलतंच बरळायचं. मग तीच दुपारच्या सुट्टीत, एका हातात उंडो पाव आणि भाजी घेऊन, त्याला वाचून दाखवू लागली.

दत्तप्रसाद एक दिवस म्हणाला, “बाय, तुमचो आवाज बरो आसा. पण माका एकच ओळ चार-चार येळा आयकाची आसता. मदीच थांबान विचार करूचो आसता. तुमका कितके येळा सांगू?”

त्याचं म्हणणं अगदी योग्य होतं. त्याला दुसऱ्याच्या वेळेवर नव्हे, आपल्या मनाप्रमाणे वाचायचं होतं. आणि त्याची सोय त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, तयार होती!

सरकारी अनुदानातून अंध मुलांसाठी एक खोली केली होती. चांगला स्कॅनर, नवे संगणक, जुनी मराठी छपाईसुद्धा नीट वाचणारं महागडं सॉफ्टवेअर, कानाला लावायचे मऊ हेडफोन. सगळं आलं, जोडून झालं, चालतंय का ते तपासून झालं. आणि मग दारावर लाल फीत बांधून खोलीला कुलूप लागलं. कारण काय, तर मंत्र्यांची तारीख मिळाली नव्हती. आधी मंत्री दौऱ्यावर. मग निवडणुकीची आचारसंहिता. मग गणपतीची चवथ. चवथीनंतर म्हणे मंत्र्यांच्या घरी सुतक. फितीवर धूळ बसली की शिपाई ती झटकायचा. खोलीत मात्र कुणाला पाऊल टाकू देत नव्हते.

सत्यवतीबाय ग्रंथपालांकडे गेली. ग्रंथपाल म्हणजे आमचे गुरुदास सर. सर म्हणाले, “मॅडम, फीत कापल्याशिवाय आतलं प्लॅस्टिकसुद्धा काढायचं नाही. सगळं नवं दिसलं पाहिजे.”

“नवा दिसूक व्हया, कामाक येवूक नको!” असं म्हणून ती बाहेर आली ती रागाने लाल होऊन. आल्या आल्या मला म्हणाली, “रघुनाथबाब, वरची चावी खंय आसता?” मी खिळ्याकडे बोट दाखवलं. बरं केलं मी. पुन्हा विचारलं तर पुन्हा दाखवीन.

त्या दुपारी ती दत्तप्रसादला वर घेऊन गेली. मीही मागोमाग गेलो. तिने कुलूप काढलं, फितीला हात लावला नाही. त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “मान वाकय, दत्ता. आणि जरा. हां, आता ये.”

“दारार काय आसा?”

“फीत.”

“कसली?”

“मंत्र्याची.”

तो एवढा हसला की मला भीती वाटली, खाली ऐकू जाईल.

तिने एका संगणकावरचं प्लॅस्टिक उचललं, स्कॅनरवर पुस्तक ठेवलं, त्याच्या कानांना हेडफोन लावले आणि कुठली कळ कशाची ते त्याची बोटं धरून दाखवलं. थोड्या वेळाने त्याने तिचा हात बाजूला केला. पुढे, मागे, पुन्हा मागे, थांब, परत तीच ओळ. तो वाचत होता, स्वतः. सत्यवतीबाय खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि पदराने डोळे पुसू लागली. तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

मग रोज दुपारी तो फितीखालून आत जायचा आणि सुट्टी संपली की फितीखालून बाहेर यायचा. प्लॅस्टिक जसंच्या तसं परत चढायचं. प्रबंधाची प्रकरणं होत गेली. आता शेवटचंच राहिलं होतं, आणि एके दुपारी तो म्हणाला, “बाय, ही गप झाली.”

सत्यवतीबायने पडद्याकडे पाहिलं. सॉफ्टवेअरचा परवाना वर्षाचा होता, आणि वर्ष मोजलं होतं खरेदीच्या दिवसापासून. मंत्र्यांची वाट पाहता पाहता वर्ष संपलं होतं. कुलपाआड, प्लॅस्टिकखाली, सगळे पैसे पाण्यात. ती तशीच तडक गुरुदास सरांकडे गेली. परवाना संपल्याचं सरांना काहीच वाटलं नाही. खोली उघडलीच कशी, यावरून मात्र त्यांनी आकाशपाताळ एक केलं आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवली.

आणि मग मंत्र्यांची तारीख मिळाली! रांगोळी, समई, पुष्पगुच्छ. फोटोसाठी एक अंध विद्यार्थी पाहिजे म्हणून दत्तप्रसादला निरोप गेला. सत्यवतीबाय म्हणाली, “जाव नको.” तो म्हणाला, “जातंय. माका कायतरी सांगाचा आसा.”

फीत कापली, टाळ्या झाल्या. दत्तप्रसादला खुर्चीत बसवून कानांना ते मुके हेडफोन लावले. मंत्री वाकून म्हणाले, “काय, छान ऐकू येतं ना?”

त्याने हेडफोन काढले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “नाय, सायबानु. कायच आयकाक येणा नाय. हेची मुदत कधीच सोंपली.”

मंत्र्यांनी त्याची पाठ थोपटली. “शाब्बास, खूप शिक!” म्हणाले आणि चहाकडे वळले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, दत्तप्रसाद हेडफोन लावून बसलेला. त्याचं बोलणं कुठेच नाही. मी तो पेपर चुरगळून कचऱ्यात टाकला. तेवढंच माझ्या हातात होतं.

परवाना वाढवून घ्या म्हणून सत्यवतीबायने मागणी केली. वरून उत्तर आलं, वर्षभरात खोलीचा वापर झालेला नाही, सबब खर्चाची गरज दिसत नाही. वापर कसा होणार, मेल्यांनो? तुम्हीच कुलूप लावलं होतं! यंत्रं खराब होऊ नयेत म्हणून सरांनी प्लॅस्टिक पुन्हा चढवायला लावलं, आणि खोलीला पुन्हा कुलूप.

प्रबंध द्यायची तारीख तोंडावर आली होती. त्या सकाळी सत्यवतीबायने दत्तप्रसादला हाताला धरून वाचनकक्षात आणलं. ग्रंथपालांच्या दाराला लागून दोन खुर्च्या मांडल्या, पुस्तक उघडलं, आणि ‘शांतता राखा’ या पाटीखाली बसून खणखणीत आवाजात वाचायला लागली.

सर धावत बाहेर आले. “मॅडम! हे ग्रंथालय आहे!”

“माका खबर आसा, सर. वरची मशीन चालू करा, मी गप रवतंय.”

आणि तिने आवाज आणखी चढवला. सरांनी भोवती पाहिलं. मला वाटलं, अभ्यासाला बसलेली मुलं आता कुरकुर करतील. एकाही मुलाने मान वर केली नाही. दत्तप्रसाद म्हणाला, “बाय, मागचा पान.” तिने मागचं पान वाचलं. तो म्हणाला, “परत.” तिने परत वाचलं. दुपारी तिचा घसा बसला, तेव्हा काउंटर सोडून मी वाचायला बसलो. माझ्यानंतर एक मुलगी आली, तिच्यानंतर आणखी कोणी. त्याने हवं तितक्या वेळा मागे नेलं, आणि आम्ही गेलो.

प्रबंध वेळेत गेला. दत्तप्रसाद पास झाला. सत्यवतीबायला शिस्तभंगाची नोटीस आली, ती तिने टेबलाच्या काचेखाली घातली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. खोली अजून बंद आहे. पाहुणे आले की सर त्यांना दाराच्या काचेतून ती दाखवतात.

यंदा साखळी गावची गौरवी नावाची मुलगी आली आहे. तिलाही दिसत नाही. पहिल्याच दिवशी सत्यवतीबायने तिला विचारलं, “पुस्तक खंयचा व्हया?” आणि उत्तराची वाट न पाहता दोन खुर्च्या ओढत ग्रंथपालांच्या दाराकडे निघाली. गौरवीने सांगितलेलं पुस्तक उघडून तिने पहिली ओळ वाचायला घेतली, तोच आतून सरांनी दाराची कडी लावल्याचा आवाज आला.